कंपवात, तोल आणि पडद्यावरील खेळ

म्हाताऱ्या माणसानें खेळावें असें म्हटलें कीं आपल्या सुशिक्षित घरांत प्रथम हसूं येतें. खेळ मुलांचा, उद्योग तरुणांचा आणि नामस्मरण वृद्धांचें, अशी वांटणी आपण मनाशीं करून ठेविली आहे. त्यांतून तो खेळ टेलिव्हिजनच्या पडद्यावरचा, ज्यास आपण व्हिडिओ गेम म्हणतों व ज्यापासून नातवंडांस दूर ठेवण्याकरितां घरोघर रोज एक लहानसें युद्ध होतें, तो असेल तर आजोबांचें नांव त्याच्याशीं जोडणें ही थट्टाच होय, असें पुष्कळांस वाटेल. परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांत ब्राझीलपासून इटलीपर्यंत अनेक देशांतील वैद्यांनीं हेच खेळ हातीं घेऊन, कंपवातानें म्हणजे पार्किन्सनच्या रोगानें पीडलेल्या वृद्धांचा तोल त्यांच्या योगानें सुधारतो कीं काय, ह्याचे काळजीपूर्वक प्रयोग केले आहेत.

विषय नुसत्या नवलाईचा असता तर आम्हीं वाचकांचा वेळ घेतला नसता. ज्या घरांत कंपवाताचा रुग्ण आहे त्या घरास ठाऊक असतें कीं, खरी भीति हाताच्या कंपाची नसून पडण्याची असते. हात कांपून पेला सांडला तर फडकें घेऊन पुसतां येतें; पण माणूस पडला आणि खुब्याचें हाड मोडलें तर तें वर्षभराचें संकट होऊन बसतें, आणि कित्येकदां त्या पडण्यानंतर तो माणूस पूर्वीसारखा हिंडूंफिरूं लागतच नाहीं. ह्या भीतीपोटीं घरचीं माणसें मायेनें म्हणूं लागतात, "अप्पा, तुम्ही उठूं नका, काय हवें तें सांगा, हातांत आणून देतों." अप्पा बसतात. बसून बसून पाय दुबळे होतात, दुबळ्या पायांनीं पडण्याचा संभव वाढतो, आणि मग बसविण्यास आणखी एक कारण मिळतें. हें चक्र कोठें तरी तोडावयाचें आहे, आणि ह्या लेखाचा विषय तोच आहे.

रोगाचें स्वरूप

अंगास सुटणाऱ्या कंपास संस्कृतांत वेपथु असें नांव आहे. रणांगणावर अर्जुनास जी थरथर सुटली तिच्याकरितां गीतेच्या पहिल्या अध्यायांत हाच शब्द योजिला आहे, आणि चरकसंहितेंत वाताच्या ऐंशीं विकारांची जी गणना आहे तींतहि वेपथु आहे. अर्जुनाचा कंप विषादाचा होता व तो उपदेशानें गेला. आमच्या रुग्णाचा कंप मेंदूच्या विकाराचा असल्यामुळें उपदेशानें जावयाचा नाहीं, हें घरच्या मंडळींनीं आधीं ध्यानांत धरावें. "जरा मनावर घ्या म्हणजे चालाल," असें त्यास म्हणणें हें व्यर्थ आहे आणि निर्दयपणाचेंहि आहे.

लंडनच्या हॉक्स्टन भागांत वैद्यकी करणारे जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं ह्या रोगावर एक छोटा निबंध लिहिला. त्यांत अवघ्या सहा रुग्णांचें वर्णन असून त्यांपैकीं कांहीं तर त्यांनीं केवळ रस्त्यांत पाहिलेले होते. पुढें झुकलेलें शरीर, लहान लहान पावलें, आणि चालतां चालतां धांवूं लागण्याची ओढ, ह्यांवरून त्या चाणाक्ष गृहस्थांनीं रोगाचें चित्र काढलें, आणि तें आजहि बहुतेक खरें ठरतें. पुढें पॅरिस येथील प्रख्यात वैद्य शार्को यांनीं रोगास पार्किन्सनचेंच नांव दिलें. पार्किन्सन यांचा जन्मदिवस ११ एप्रिल हा आतां जगभर ह्या रोगाच्या माहितीचा दिवस म्हणून पाळला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०१९ सालीं जगांत ह्या रोगाचे ८५ लक्षांहून अधिक रुग्ण होते.

मेंदूच्या मध्यभागीं काळसर पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. त्या पेशी डोपामिन नांवाचें द्रव्य निर्माण करतात, आणि हालचालींचें नियमन करणाऱ्या मेंदूच्या भागांचें काम त्या द्रव्यावर चालतें. ह्या पेशी झिजत गेल्या कीं हालचाल मंदावते, स्नायु ताठरतात, हात कांपूं लागतो. डोपामिनची उणीव भरून काढण्यासाठीं लेव्होडोपा हें औषध १९६० नंतरच्या दशकांत प्रचारांत आलें. वाचकांस कौतुक वाटेल कीं, हेंच द्रव्य आपल्या खाजकुइलीच्या, म्हणजे कपिकच्छूच्या बियांत असतें, आणि एम. दामोदरन व आर. रामस्वामी ह्या भारतीय संशोधकांनीं तें त्या बियांतून वेगळें काढल्याचें १९३७ सालींच प्रसिद्ध केलें होतें. अर्थात् म्हणून कोणीं बिया कुटून घरच्या घरीं औषध देऊं नये. मात्रेचा प्रश्न नाजूक आहे, आणि तो डॉक्टरांकडेच ठेवावा.

आतां मुख्य गोष्ट. लेव्होडोपानें मंदपणा व ताठरपणा पुष्कळ कमी होतो, कंपहि बहुधा उतरतो. परंतु तोलास त्याचा गुण सर्वांत कमी येतो. औषध वेळेवर घेणारा, हात बराच स्थिर झालेला रुग्णहि वळतांना पडतो तो ह्याचमुळें. जेथें औषध तोकडें पडतें तेथें अभ्यासास जागा आहे.

आंखीव कागदाचा धडा

तोल कां जातो, हें आम्ही आमच्या धंद्यांतील एका उदाहरणानें सांगूं. मूल प्रथम अक्षर काढूं लागतें तेव्हां प्रत्येक वळणाकडे त्यास लक्ष द्यावें लागतें. काना कोठें, मात्रा कोठें, हें तें ओठांनीं पुटपुटत असतें. पुढें सवयीनें हात आपोआप चालतो आणि मन अर्थाकडे मोकळें राहतें. चालण्याचेंहि तसेंच आहे. आपण बोलत बोलत चालतों, पिशवी सांवरीत जिना उतरतों, आणि पायांची आठवणहि आपणांस होत नाहीं. हें आपोआप होणारें काम मेंदूच्या ज्या भागाकडे असतें तोच भाग कंपवातांत दुबळा होतो. त्यामुळें साठ वर्षें चाललेला माणूस पुन्हां नवशिक्या होतो. त्यास प्रत्येक पाऊल मनानें टाकावें लागतें, आणि मन क्षणभर दुसरीकडे गेलें कीं पाऊल चुकतें.

ह्या रोगांत अक्षरहि बदलतें. ओळीच्या आरंभीं ठीक असलेलें अक्षर पुढें पुढें बारीक होत जाऊन शेवटीं मुंगीसारखें होतें. परंतु त्याच माणसापुढें आंखीव कागद ठेवा आणि दोन रेघांच्या मधली जागा भरून लिहावयास सांगा; अक्षर पुष्कळदां मोठें होतें. हाताला जी खूण आंतून मिळत नव्हती ती रेघांनीं बाहेरून दिली. चालण्याविषयीं हाच अनुभव येतो. उंबरठ्याशीं किंवा अरुंद दारांत रुग्णाचे पाय जमिनीस खिळल्यासारखे होतात आणि कितीहि ओढलें तरी सुटत नाहींत. पण जमिनीवर पावलापावलाच्या अंतरानें आडव्या पांढऱ्या पट्ट्या चिकटविल्या तर तोच माणूस एकेक पट्टी ओलांडीत पलीकडे जातो. ठेक्याचाहि असाच उपयोग होतो. ठराविक लयीचा टक् टक् आवाज कानीं पडला तर पाऊल लांबतें व चाल सुधारते, हें १९९० नंतरच्या दशकांतील प्रयोगांत दिसून आलें. पुण्यांत नृत्यशिक्षक हृषीकेश पवार यांनीं पार्किन्सनच्या रुग्णांसाठीं नृत्याचे वर्ग चालविले, तेथेंहि लय आणि लक्ष ह्यांचीच मदत घेतलेली आहे.

ह्याहून आश्चर्याचें एक उदाहरण हॉलंडांतील नायमेगेन येथील डॉक्टरांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलें. अठ्ठावन्न वर्षांच्या एका रुग्णास चार पावलें धड टाकतां येत नव्हतीं. तो पडत असे. त्यास सायकलवर बसविलें तेव्हां तो रस्त्यानें व्यवस्थित सायकल चालवीत गेला, वळून परत आला, आणि खालीं उतरतांच पुन्हां पूर्वीसारखा खिळून राहिला. तात्पर्य, रुग्णाची शक्ति सर्वस्वीं नष्ट झालेली नसते. नेहमींची वाट बंद झालेली असते. दुसरी वाट दाखविणारी खूण बाहेरून मिळाली तर ती शक्ति प्रकट होते. पडद्यावरील खेळाचें सारें मर्म ह्या बाहेरच्या खुणेंत आहे.

फळीवरचा खेळ

जपानांत क्योटो शहरीं निन्टेंडो नांवाची कंपनी आहे. १८८९ सालीं ती निघाली तेव्हां हातानें रंगविलेले खेळण्याचे पत्ते करीत असे. ह्या कंपनीनें २००६ सालीं 'वी' नांवाचें खेळाचें यंत्र काढलें आणि २००७ च्या डिसेंबरांत त्यास एक फळी जोडून दिली. फळी आपल्या पाटापेक्षां थोडी मोठी, जेमतेम वीतभरहि उंच नाहीं. तिच्या चार कोपऱ्यांत भार मोजणारीं चार साधनें असतात. माणूस तीवर उभा राहिला कीं त्याचा भार डाव्या पायावर अधिक आहे कीं उजव्या, टांचेवर आहे कीं चवड्यावर, हें पडद्यावर एका ठिपक्याच्या रूपानें तत्काळ दिसतें. शरीर कोणीकडे कललें हें कंपवाताच्या रुग्णास स्वतः नीट कळत नाहीं. येथें तें त्यास डोळ्यांनीं दिसतें. मेलबर्न येथील संशोधकांनीं २०१० सालीं ह्या फळीची प्रयोगशाळेंतील महाग यंत्राशीं तुलना केली, तेव्हां उभें राहतांना तोल मोजण्याच्या कामीं ती विश्वसनीय ठरली. मुलांच्या खेळण्याकडे वैद्यांचें लक्ष वळलें तें असें.

खेळ साधे आहेत. एकांत पडद्यावर एक तबक दिसतें व त्यावर गोट्या असतात. आपण फळीवर ज्या बाजूस भार टाकूं तिकडे तबक कलतें, आणि गोटी भोंकांत घालावयाची असते. दुसऱ्यांत बर्फाच्या तुकड्यावर उभा असलेला पेंग्विन पक्षी आपल्या झुकण्याप्रमाणें डावीउजवीकडे घसरतो आणि उडणारे मासे पकडतो. तिसऱ्यांत समोरून येणारा चेंडू बाजूस कलून डोक्यानें मारावयाचा. पण मधूनच चेंडूऐवजीं बूट येतो, तो चुकवावा लागतो. हंसूं येईल असेच हे प्रकार आहेत. परंतु त्यांत काय घडतें पाहा. जो वृद्ध भीतीनें दोन्ही पायांवर ताठ उभा राहतो आणि तसूभरहि भार इकडचा तिकडे करण्यास भितो, तो माशाच्या नादांत शंभर वेळां भार डाव्या पायावरून उजव्यावर नेतो. एक पाऊल उचलावयाचें म्हणजे दुसऱ्या पायावर भार नेतां आला पाहिजे; चालण्याचें मूळ हेंच आहे.

ह्यानंतर २०१० सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'किनेक्ट' नांवाचा कॅमेरा काढला. त्यांत फळीचीहि गरज नाहीं. कॅमेरा शरीराच्या हालचाली टिपतो आणि पडद्यावरील आकृति तशीच हलते. वी यंत्र आणि किनेक्ट हीं दोन्हीं आतां निघत नाहींत. वीचें उत्पादन २०१३ सालीं व किनेक्टचें २०१७ सालीं थांबलें. कंपन्या यंत्रें काढतात आणि बंदहि करतात; रुग्णास उपयोगी पडणारें तत्त्व त्यांच्याबरोबर नाहींसें होत नाहीं.

प्रयोगांनीं काय दाखविलें

नव्या उपायाचा गाजावाजा पुष्कळ होतो. म्हणून मोजून काय सिद्ध झालें एवढेंच आम्ही सांगतों.

ब्राझीलमधील साओ पावलो येथें ३२ रुग्ण घेऊन त्यांचे दोन गट केले. एकास फळीवरचे खेळ दिले, दुसऱ्यास तोलाचा नेहमींचा व्यायाम दिला; दोघांस चौदा चौदा पाठ मिळाले. २०१२ सालीं निकाल प्रसिद्ध झाला तो असा कीं, दोन्ही गट सुधारले, आणि दोहोंत विशेष अंतर आढळलें नाहीं. त्याच शहरांतील दुसऱ्या एका प्रयोगांत १६ रुग्ण व ११ निरोगी वृद्ध ह्यांना दहा खेळ शिकविले. दहांपैकीं सात खेळ रुग्णांनीं निरोगी वृद्धांप्रमाणेंच शिकून लक्षांत ठेविले. मात्र बुद्धीवर अधिक ताण देणारे खेळ त्यांस जड गेले. आम्हां शिक्षकांस ह्यांत मोठा दिलासा आहे. कंपवाताचा वृद्ध नवें शिकूं शकतो. पाठ त्याच्या आवांक्यांतला निवडला पाहिजे, एवढेंच.

सर्वांत मोठी चाचणी युरोपांतील चार देश व इस्राएल मिळून झाली आणि २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. साठ ते नव्वद वयाचे, पूर्वीं वारंवार पडलेले ३०२ वृद्ध तींत होते. त्यांत पार्किन्सनचे रुग्ण बरेच होते. सर्वांस सहा आठवडे, आठवड्यांतून तीनदां, फिरत्या पट्ट्यावर चालविलें. अर्ध्या लोकांस नुसतें चालविलें; उरलेल्यांच्या समोर पडदा ठेवून त्यावर त्यांचींच पावलें दाखविलीं, वाटेंत अडथळे घातले, वाटा निवडावयास लाविलें. प्रयोगापूर्वींच्या सहा महिन्यांत पडद्याच्या गटांतील मनुष्य सरासरीनें ११.९ वेळां पडत असे, तो नंतरच्या सहा महिन्यांत ६.० वेळां पडला. नुसत्या चालणाऱ्यांचें प्रमाण १०.७ वरून ८.३ वर आलें. पार्किन्सनच्या रुग्णांत हा लाभ विशेष दिसला. पायांना व्यायाम दोघांसहि होता. पडद्याच्या गटांत त्याबरोबर लक्षाचाहि व्यायाम झाला. माणूस रिकाम्या सपाट खोलींत क्वचित् पडतो. तो पडतो दाराची घंटा वाजली म्हणून घाईनें वळतांना, किंवा पायांत आलेल्या पोराला चुकवितांना.

आमच्या वाचकांस अधिक जवळचा वाटेल असा प्रयोग इटलींतला आहे. रोगाच्या मध्यम अवस्थेंतील ७६ रुग्णांपैकीं अर्ध्यांनीं दवाखान्यांत येऊन तोलाचे व्यायाम केले आणि अर्ध्यांनीं आपल्या घरीं फळीवरचे खेळ खेळले. व्यायाम शिकविणारा तज्ज्ञ इंटरनेटवरून त्यांच्यावर नजर ठेवीत असे. आठवड्यांतून तीन दिवस, पन्नास मिनिटें, असे सात आठवडे हें चाललें. २०१७ सालीं आलेल्या निकालांत, उठणें, बसणें, उभें राहणें, वळणें इत्यादि चौदा कृतींच्या कसोटीवर घरच्या गटानें अधिक प्रगति दाखविली. चालण्याच्या कसोटीवर दवाखान्याचा गट पुढें राहिला. खर्च घरीं कमी आला. पडण्याची संख्या मात्र कोणत्याहि गटांत स्पष्टपणें घटली नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

अशा आठ चाचण्या व त्यांतील २६३ रुग्ण एकत्र विचारांत घेऊन कॉक्रन ह्या संस्थेनें २०१६ सालीं जो आढावा काढला त्याचें सार असें: पडद्यावरील खेळांनीं पावलाची लांबी थोड्या काळापुरती अधिक सुधारते; तोल व चाल ह्यांवर त्यांचा परिणाम चांगल्या व्यायामाइतकाच दिसतो; आणि पुरावा अजून मजबूत नाहीं. ह्याउपर जो कोणी खेळानें कंपवात बरा करून देण्याचें सांगेल, त्याच्या दुकानाची पायरी वाचकांनीं चढूं नये.

मग व्यायामाइतकाच जर गुण, तर खेळाची उठाठेव कां? आमचें उत्तर साधें आहे. तोलाचा व्यायाम हा औषधासारखा रोज घ्यावयाचा असतो, आणि सोडला कीं गुण ओसरूं लागतो. "डावीकडे झुका, उजवीकडे झुका," हें पहिल्या आठवड्यांत माणूस करतो, दुसऱ्यांत टाळतो, तिसऱ्यांत विसरतो. खेळांत मात्र कालचे गुण बारा होते, आज पंधरा करावयाचे, ही ईर्ष्या सत्तराव्या वर्षींहि जागी होते. पुन्हां, कंपवातांत उत्साह मावळणें, उदास होणें हीं रोगाचींच लक्षणें आहेत. ज्यास कशांतच गोडी उरली नाहीं त्यास दहा मिनिटें एखाद्या गोष्टींत गोडी वाटली, ही लहान गोष्ट नव्हे.

घरीं करावयाचें तें असें

प्रथम मेंदूरोगतज्ज्ञ डॉक्टर व व्यायामोपचार करणारे फिजिओथेरपिस्ट ह्यांस विचारावें. रुग्ण कोणत्या अवस्थेंत आहे, त्यास फळीवर चढवावें कीं जमिनीवरच उभें करावें, हें त्यांनीं ठरवावें. पुण्यामुंबईकडील वाचकांस रुग्णांच्या मंडळांचाहि आधार आहे. पुण्यांत पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईस पार्किन्सनच्या रुग्णांसाठीं काम करणारी संस्था आहे. अशा ठिकाणीं समदुःखी मंडळी भेटतात आणि घरीं न बोललेलें तेथें बोललें जातें.

वेळ निवडतांना औषधाचें घड्याळ पाहावें. गोळी लागू पडून शरीर मोकळें असतें त्या वेळीं खेळावें. गोळीचा अंमल उतरत आला असतां खेळूं नये. ह्या रोगांत उभें राहतांच रक्तदाब उतरून भोंवळ येण्याचाहि संभव असतो. म्हणून एकदम उठवून फळीवर नेऊं नये. आधीं दोन मिनिटें खुर्चीच्या कडेवर बसवावें, मग उभें करावें, मग खेळास लावावें.

जागा मोकळी असावी. समोर पडदा आणि दोहों बाजूंस पाठ उंच असलेल्या जड खुर्च्या असाव्यात, म्हणजे हात टेकतां येतो. सतरंजी गुंडाळून ठेवावी, फरशी कोरडी असावी, धोतराचा सोगा वा लुगड्याचा घोळ पायांत येणार नाहीं असा खोंचावा, विजार उत्तम. निसटत्या चपला नकोत. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, एक धडधाकट माणूस रुग्णाच्या बाजूस, किंचित् मागें, हाताच्या अंतरावर उभा असावा. त्यानें पडद्याकडे पाहूं नये, रुग्णाकडे पाहावें. हें काम लहान नातवावर टाकूं नये. नातवानें खेळ लावून द्यावा, गुण मोजावे, आजोबांशीं पैज मारावी. सांवरण्यास मोठा मनुष्य हवा. डोळ्यांवर पेटी बांधून खेळावयाचे जे नवे प्रकार आले आहेत त्यांत आजूबाजूची खोली दिसेनाशी होते. ते तज्ज्ञांच्या देखरेखीखेरीज उभ्यानें करूं नयेत.

आणखी एक सूचना फारशी कोणी देत नाहीं, म्हणून येथें देतों. ह्या रोगावरील कांहीं औषधांनीं, विशेषतः डोपामिनसारखें कार्य करणाऱ्या गोळ्यांनीं, क्वचित् रुग्णास एखाद्या गोष्टीचें अनावर वेड लागतें: जुगाराचें, खरेदीचें वा खेळाचें. आजोबा रात्र रात्र पडद्यासमोरून उठेनात, तर त्यांना रागें भरूं नये; डॉक्टरांस कळवावें. दोष त्यांच्या स्वभावाचा नसून गोळीचा असण्याचा संभव असतो.

ज्यांच्या घरीं यंत्र नाहीं आणि घेण्याची ऐपत वा इच्छा नाहीं, त्यांनीं निराश होऊं नये. यंत्र जी बाहेरची खूण देतें ती घरांतहि देतां येते. ओसरीवर खडूनें पावलाच्या अंतरानें आडव्या रेघा ओढाव्या आणि त्या ओलांडीत चालवावें. स्वयंपाकघरांतील ओट्यास हात लावून उभें राहावें व जमिनीवर घड्याळाप्रमाणें काढलेल्या ठिपक्यांवर, दुसऱ्यानें सांगितलेल्या आंकड्याप्रमाणें, एकेक पाऊल टाकून परत यावें. मऊ चेंडू एकानें फेकावा, दुसऱ्यानें झेलावा. भजनांतील टाळांच्या ठेक्यावर जागच्या जागीं पाऊल उचलावें. वारकऱ्यांच्या पावलीनें आपणांस ठेक्याची शक्ति पूर्वींच शिकविली आहे. वळतांना एका पायावर गर्रकन् न फिरतां, प्रदक्षिणा घातल्यासारखें लहानसें वर्तुळ करून वळावें. ह्यांतील प्रत्येक गोष्ट सांवरणारा माणूस जवळ ठेवूनच करावयाची, हें पुन्हां सांगण्याची गरज नसावी.

व्यायाम नेटानें चालला तर किती गुण येतो, ह्याचें हॉलंडांतील एक प्रमाण देऊन हा भाग संपवूं. तेथें १३० रुग्णांस सहा महिने घरीं व्यायाम दिला. अर्ध्यांस जागच्या जागीं चालविण्याची सायकल दिली व तिच्यासमोर पडद्यावर खेळ लावून दिला, उरलेल्यांस अंग ताणण्याचे प्रकार दिले. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निकालांत, गोळीचा अंमल नसतांना केलेल्या हालचालींच्या परीक्षेंत सायकलवाल्यांची स्थिति दुसऱ्या गटापेक्षां ४.२ गुणांनीं चांगली राहिली. हा प्रयोग रोगाच्या आरंभींच्या अवस्थेंतील रुग्णांवर होता, आणि सायकल हा काहीं तोलाचा व्यायाम नव्हे. परंतु घरच्या घरीं, खेळाच्या गोडीनें, सहा सहा महिने व्यायाम चालूं शकतो, हें त्यानें दाखविलें.

आतां शेवटचें, आणि तें रुग्णापेक्षां घराला उद्देशून. वृद्धास सुरक्षित ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, त्यास खुर्चींत बसवून ठेवणें. त्यांत आपली काळजी मिटते, आणि त्याचे पाय हळूहळू जातात. दुसरा, रोज अर्धा तास आपण त्याच्या बाजूस उभें राहून त्यास उभें करणें, झुकविणें, चालविणें. ह्यांत आपला वेळ जातो, आणि घराघरांत हा वेळ बहुधा सूनबाईंच्या किंवा वृद्ध पत्नीच्याच वांट्यास येतो, हें आम्ही जाणतों. तो सर्वांत वांटला जावा. मुलानें सकाळची पाळी घ्यावी, नातीनें संध्याकाळची, आणि परगांवीं असलेल्या मुलानें पैसे पाठवून मोकळें न होतां रविवारीं फोनवर गुण विचारावे. आजोबांनीं पंधरा मासे पकडले हें ऐकून त्यानें आनंद मानावा, आणि पुढल्या रविवारीं वीस पाहिजेत असें सांगावें. रोग जावयाचा नाहीं. परंतु देवघरापासून ओसरीपर्यंत आपल्या पायांनीं जाण्याचें स्वातंत्र्य आणखी कांहीं वर्षें टिकलें, तर त्या वृद्धाच्या दृष्टीनें तें कोणत्याहि औषधापेक्षां थोडें नव्हे.